जावयाचं पान

भावानं, नाथानं, यंदा स्वतः फोन करून धोंड्याचं आवतण दिलं, तेव्हाच सुवर्णाला कळायला हवं होतं. एरवी आई कुणाकडून तरी निरोप धाडायची, आणि निरोप अंबडला तिच्या घरी पोचायच्या आधीच तिचा नवरा महेश दिवस धरून बसलेला असायचा. अधिक महिना तीन वर्षांनी येतो. त्यात जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, इतका साधा रिवाज. पण तिच्या माहेरच्या, मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात महेशच्या खाण्यामुळं तो दिवाळीपेक्षा मोठा होऊन बसला होता.

मागच्या अधिकात तिचे वडील, गोटीराम, जिवंत होते. झेंडूच्या क्रेटवर बसून त्यांनी आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं गोळा केली होती. "या, आमचे जावई जेवताना बघा," म्हणून. महेश धोंड्यामागून धोंडा खात गेला आणि माणसं मोठ्यानं मोजत राहिली. शेवंतीला चांगला भाव मिळाला त्या वर्षी गोटीरामांनी जावयासाठी चांदीचं ताट घडवून घेतलं होतं. ते फक्त या दिवशी निघायचं. वाणाचे धोंडेही त्याच ताटातून अंबडला जायचे, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून आठवड्याभरात सुवर्णा त्यावर गूळ-खोबरं घालून ते माहेरी घेऊन यायची. त्या निमित्तानं दोन दिवस राहायची. वडील गेल्यावरचा हा पहिलाच धोंडा होता.

"तू काही बोलणार नाहीस," गाडीत महेश म्हणाला. "साखरेचं पथ्य आहे, एवढंच सांगायचं."

"साखरेच्या पथ्यानं माणूस निम्मा होतो का?"

"सुवर्णा, तुझ्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय. सरकारी सुकडी पदरात बांधून आणून धाकट्या भावंडांना घातलीय. त्या बाईला मी काय सांगू? की मी जास्त खाल्लं, म्हणून मुंबईला जाऊन पोट कापून घेतलं?"

माघ महिन्यात ऑपरेशन झालं, तेव्हा माहेरी तिनं 'वर्कशॉपच्या कामाला मुंबईला चाललोय' असं सांगितलं होतं. तेव्हापासून ती खोटंच बोलत होती. खोटं बोलायचं एक वेळ सोपं होतं. अवघड होतं ते घर. चार महिने तिच्या घरात फोडणी झाली नव्हती. मोहरी तडतडली की महेश बेसिनकडं धावायचा. मुगाचं पाणी, मिक्सरमधून काढलेली खिचडी, उकडलेल्या अंड्यातलं पांढरं. बाळाच्या चमच्यानं तो वाटीभर जेवायला अर्धा तास लावायचा, आणि एक चमचा घाईनं गेला तरी सगळं फेस होऊन वर यायचं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर पाणी नाही. ती स्वतः स्वयंपाकघराचं दार लावून उभ्या उभ्याच जेवायची, चोरासारखी. तिला त्याची कीव यायची, आणि कीव संपली की रागही यायचा.

मळ्यात गाडी थांबली. महेश उतरला तेव्हा त्याचा शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. नाथाची बायको मैना पाणी घेऊन आली. सुवर्णाला तिनं स्टीलचा पेला दिला आणि महेशला कागदी ग्लास. भारनियमनामुळं मोटर चालली नसेल, भांडी घासायची राहिली असतील, असं सुवर्णाला वाटलं. माहेरच्या माणसांबद्दल वाईट मनात यायला जरा वेळ लागतोच.

गोजराबाईंनी जावयाला ओसरीवरून पाहिलं आणि त्यांच्या हातातली चाळणी तशीच राहिली. सकाळपासून त्या वाफेपुढं बसून धोंडे उकडत होत्या. गालाची हाडं दिसणारा हा माणूस आपला जावई, हे त्यांना पटेचना. गोटीराम गेले तेव्हा तिरडीचा पुढचा दांडा यानंच खांद्यावर घेतला होता. तेव्हा बाकीचे तिघं मिळून याच्याएवढे भरत नव्हते.

त्यांनी सुवर्णाला आत ओढलं.

"काय गं, तुह्या घरी चूल पेटती का नाय?"

"पेटते की आई."

"मंग हे असे कसे झाले? चिपाड झालंय माणसाचं. तू काय करती दिवसभर?"

"साखरेचं पथ्य आहे त्यांना."

"मला नको शिकवू. तुह्या बापालाबी साखर होती. ते असे झाले व्हते का?"

चार महिने बाळासारखा सांभाळलेला नवरा, आणि आईच्या लेखी सुवर्णा त्याला उपाशी मारत होती. गोजराबाईंना मात्र कोडं सुटल्यासारखं झालं. दोष पोरीचा होता. आज आपल्या हातचं पोटभर जेवतील, मग जरा रंग येईल तोंडावर, असं म्हणत त्यांनी तुपाचं भांडं चुलीच्या कडेला सरकवलं.

"मैना, चांदीचं ताट कुठं हे?"

"पॉलिशला टाकलंय, आत्याबाई."

"धोंड्याच्या तोंडावर?"

"यांनीच टाकलं," मैना त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "केळीचं पान आणलंय. पानाचा मान काय कमी असतो व्हय?"

आपण म्हातारे झालो, आपल्याला कुणी विचारत नाही, एवढंच गोजराबाईंच्या मनात आलं.

रांगोळी काढलेल्या पाटावर महेश बसला, आणि बरोबर त्याच वेळी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. ज्येष्ठाचा उकाडा, पुरणातल्या जायफळाचा वास, त्यावर कढवलेलं तूप. एके काळी या वासानं त्याची भूक दुप्पट व्हायची. आता जिभेखाली पाणी सुटलं, आणि ते कसलं पाणी आहे हे त्याला चांगलं माहीत होतं. तो तोंडानं श्वास घेऊ लागला.

जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय या घरात कुणी ताटाला हात लावत नसे. समोर नाथा आपलं स्टीलचं ताट पुढ्यात घेऊन बसला होता. मैना दाराला टेकून उभी होती, तिच्यामागं सुवर्णा. गोजराबाई तुपाचं भांडं घेऊन जवळच बसल्या होत्या. सगळे त्याच्या हाताकडं पाहत होते.

त्यानं धोंड्याचा कोपरा मोडला, हरभऱ्याएवढा. तोंडात ठेवला आणि चावत राहिला. गोड नको, तुपकट नको, घास पातळ होईपर्यंत गिळायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. यातलं फक्त शेवटचं आज पाळता येण्यासारखं होतं.

"असं काय खाता, जावईबापू? बिनदाताच्या माणसासारखं."

"जरा पथ्य आहे, मामी."

"पथ्य तिकडं अंबडला. इथं माझ्या हातचं हे."

"खाऊ दे ना आई त्यांच्या चालीनं," नाथा म्हणाला. त्याची नजर महेशच्या मनगटावर होती. घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. "दाजी, लयच उतरलात पण. मुंबईच्या फेऱ्या चालूच हेत का?"

"कामाच्या असतात."

"हां. कामाच्याच."

अर्धा धोंडा गेला आणि छातीच्या खाली ती ओळखीची छोटी उचकी आली. तिथं थांबायचं असतं. घरी सुवर्णा ती उचकी ऐकली की न बोलता वाटी उचलून न्यायची. आताही ती दारातून एक पाऊल पुढं आली, पण गोजराबाईंनी उरलेल्या अर्ध्यावर तुपाची धार धरली होती.

"मामांच्या नावानं एक तरी अख्खा खा. मागच्या टायमाला समोर बसून मोजत व्हते. आज बघायला न्हाईत."

त्यांचे डोळे भरून आले. आता नाही कसं म्हणणार? महेशला सासरे आठवले, क्रेटवर बसलेले, मांडीवर थाप मारणारे. या घरानं त्याच्यावर माया केली ती त्याच्या खाण्यावर. वर्कशॉप कसं चाललंय हे त्याला इथं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यानं उरलेला अर्धा धोंडा दोन घासांत संपवला. गोजराबाईंचा चेहरा उजळला, त्यांनी दुसरा वाढला. "बघ," त्या सुवर्णाला म्हणाल्या, "खात नाय म्हणं." महेशनं दुसरा मोडला, एक घास घेतला, आणि मग तो कसाबसा उठला.

"आलोच," म्हणाला.

फुलं भरायच्या शेडमागं त्यानं लोखंडी खांब धरला. आधी नुसता पांढरा फेस आला, मग पुरण. ते संपल्यावरही पोट पिळत राहिलं. छाती धडधडायला लागली, अंगावर घामाचे ओहोळ सुटले, डोळ्यांपुढं झेंडूचे वाफे हलायला लागले. गोडाचं हे असं होतं, हे त्याला माहीत होतं. माहीत असूनही खाल्लं, म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. तो खांबाला धरून खाली बसला.

नाथा शेडच्या कोपऱ्यावर उभा होता. दाजींच्या मागं येताना त्यानं तांब्याही बरोबर आणला होता. पण पुढं पाय निघेना. फूलबाजारातला बहिरू असाच गेला होता. टेम्पोवर मुंबईच्या खेपा मारायचा. असाच वाळला, असंच खाल्लेलं पोटात ठरत नसे, आणि गेल्यावर कळलं काय होतं ते. तोवर त्याच्या बायकोलाही तेच झालं होतं. नाथा दुष्ट नव्हता. त्याला एकच बहीण होती, आणि महिन्यापूर्वी बाजारात वाळलेले दाजी लांबून दिसले तेव्हापासून त्याला धड झोप लागली नव्हती. त्यानं तांब्या जमिनीवर ठेवला आणि तो तसाच मागं फिरला. हात द्यायला हवा होता हे त्याला कळत होतं. हात पुढं झाला नाही.

"आक्का," आत येऊन तो सुवर्णाला म्हणाला, "तू आज जाऊ नको. इथंच राह्य."

"का?"

"उद्या आपण रक्त तपासून घेऊ. तुहं."

"माझं रक्त? कशाला?"

"दाजींना काय झालंय ते तुला ठाऊक हे, आन तू लपवती. पाठचा भाऊ हाय मी तुहा. मला सांगितलं असतं तर काय मी गावात दवंडी पिटणार व्हतो?"

सुवर्णानं केळीच्या पानाकडं पाहिलं. बाहेर ओसरीवर कागदी ग्लास अजून तसाच पडला होता; तो उचलायला कुणीही हात लावला नव्हता.

"मैना, ताट पॉलिशला नाही ना?"

मैना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"कुठंय ताट?"

"कपाटात हाय," मैना म्हणाली. "ताई, घरात लेकरं हेत माझी. पान निदान टाकून देता येतं."

"काय चाललंय तुमचं?" गोजराबाई म्हणाल्या. "कसला आजार? नाथा, नीट बोल."

"बहिरूला झालता तो. एड्स."

एवढा वेळ हातात धरलेलं तुपाचं भांडं गोजराबाईंनी हळूच खाली ठेवलं. त्या उठल्या, जावयाच्या पाटावर जाऊन बसल्या, आणि पानावर मोडून पडलेला धोंडा उचलून त्यांनी तोंडात घातला.

"आत्याबाई!"

नाथानं त्यांचं मनगट पकडलं. "आई, टाक ते. थुंकून टाक."

"हात सोड."

"तुला कळतंय का काही?"

"बहिरूच्या आईनं त्याला शेवटपर्यंत मांडीवर घेऊन भरवलं. ती हाय अजून जित्ती, परवाच खुरपायला आलती." त्यांनी दुसरा घास घेतला. "ह्या महिन्यात जावई म्हंजे नारायण. माह्या दारात त्याला टाकायच्या पानावर जेवू घातलं, कागदाच्या कपात पाणी दिलं. आन मला सांगितलं पॉलिशला टाकलंय. ह्या उष्ट्यानं मरण येत असल तर येऊ दे. तुमच्या हातचं खाऊन जगायचं नाय मला."

त्या खात राहिल्या. डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. सुवर्णाला ते बघवेना.

"आई, पुरे कर," ती म्हणाली. "रोग नाही गं. कुठलाच रोग नाही. ऑपरेशन केलंय त्यांनी. पोट लहान करून घेतलंय, वजन कमी व्हायला. म्हणून खाल्लेलं राहत नाही."

गोजराबाईंचं तोंड चालायचं थांबलं.

महेश दारात आला होता. तोंड धुतलेलं, केस ओले, चेहरा पांढराफटक. त्यानं सुवर्णाकडं पाहिलं आणि मान फिरवली.

पहिल्यांदा हसला तो नाथा. भिंतीला टेकून खाली बसला आणि हसायलाच लागला. "अरे देवा. मंग आधी नाय का बोलायचं, दाजी? इथं आम्ही काय काय..." मैनाही हसली, घाईघाईनं आत गेली आणि स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन आली. "घ्या दाजी. बरंच केलं की. आजकाल शहरात लय जण करतात." घटकेपूर्वी ज्याचं पान टाकून द्यायचं होतं, त्याच्या हातात तिनं स्वतःच्या हातानं तांब्या दिला. हे दोघं किती लवकर आपल्या बाजूला आले, याचीच सुवर्णाला शिसारी आली.

गोजराबाईंनी घास गिळला.

"पोट कापलं?"

"लहान केलं, मामी. डॉक्टर म्हणाले होते, असंच चाललं तर चाळिशी दिसणार नाही. शुगर, बीपी, गुडघे, सगळंच..."

"ते बरं केलं. जीव वाचला, बरं झालं. मला का नाय सांगितलं?"

"कसं सांगणार? तुम्ही उपाशी दिवस काढलेले. तुम्हाला काय वाटलं असतं?"

"काय वाटलं असतं ते मला ठरवू द्यायचं व्हतं."

महेशचा संयम सुटला. सगळ्यांसमोर बायकोनं त्याचं गुपित मांडून ठेवलं होतं. "आणि तुम्ही काय केलं असतं? आज मी नको म्हणालो तर मामांचं नाव घेतलंत. दरवेळी तेच. मला मागंही चार धोंड्यांत पुरे व्हायचं. मामा माणसं गोळा करून दाखवायचे मला, बैल दाखवावा तसं. मी खाल्लं की तुम्ही खूश. एकदाही कुणी पुरे म्हणालं नाही. इथून जेवून गेल्यावर मी कितीदा रात्री वर्कशॉपला जातो सांगून गाडीत पोट धरून पडून राहायचो, सुवर्णाला विचारा."

"तुम्ही मागून घ्यायचे."

"तुम्ही वाढत राहायच्या."

वीज आली, पंखा कुरकुरत फिरायला लागला, आणि केळीच्या पानाचं टोक वाऱ्यानं उलटलं. गोजराबाईंनी ते सरळ केलं.

"जाऊ दे आई," नाथा म्हणाला. "दाजींचंबी खरंच हे."

"तू गप. तुहं मी नंतर बघते." त्या महेशकडं वळल्या. "वाढलं, ते चुकलं असल. माह्याकडं द्यायला दुसरं काय व्हतं? पण आत्ता मी काय खाल्लं, कळलं का तुम्हाला? मी मरण म्हणून खाल्लं. तुमच्यासाठी मरायला बसले व्हते या पानावर. आन तुम्हाला दोघांना चार महिन्यात एक शब्द सांगवला नाय."

"आई, माझी चूक झाली," सुवर्णा म्हणाली.

"तुही तर झालीच."

गोजराबाईंनी हात धुतला. पदराला पुसत त्यांनी विचारलं, पण आवाज आता अगदी साधा होता, शेजारणीला विचारावं तसा. "आता भूक लागती का?"

"नाही," महेश म्हणाला. "भूकच लागत नाही."

"मंग या घरी काय म्हणून याल?"

"भेटायला येईन, मामी. बोलायला येईन."

"बोलायला चार महिने तोंड व्हतं."

त्यांनी कपाट उघडलं. ताट तिथंच होतं, जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेलं, चकचकीत. त्यांनी त्यात वाणाचे तेहेतीस धोंडे रचले, एकही कमी नाही. मैनाला दिवा लावायला सांगितला. मैनानं औक्षण केलं, या वेळी अगदी जवळ येऊन. महेशनं दोन्ही हात पुढं करून ताट घेतलं. त्यातला एकही धोंडा तो खाणार नव्हता, हे तिथं आता सगळ्यांना माहीत होतं.

गाडीत सुवर्णानं ताट मांडीवर घेतलं. वरच्या फडक्यातून धोंड्यांची ऊब हाताला लागत होती. "आठवड्यात येते आई, ताट घेऊन," ती म्हणाली.

गोजराबाईंनी गाडीचं दार लावलं आणि खिडकीवर हात ठेवला.

"ताट ऱ्हाऊ दे तिकडंच," त्या म्हणाल्या. "परत आणायचं काम नाय."

आणि जावयाचं पान उचलायला त्या आत गेल्या.